गरम हातांच्या बाई

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई उचगावहून स्कूटरवर दवाखान्यात येतात आणि आल्या आल्या स्वतःचे हात गरम पाण्यात बुडवून बसतात. "गार हात लावला तर तुमची बोटं निळी पडत्यात की!" हे त्या एवढ्या मोठ्यानं सांगतात, की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जातं. सुरुवातीला मला रागच यायचा.

मला स्क्लेरोडर्मा आहे. कातडी घट्ट होत जाते, मूठ वळत नाही, घाससुद्धा छोटा करून घ्यावा लागतो. बोटांचे व्यायाम मी मुकाट्यानं करते. आरशासमोर तोंड उघडायच्या व्यायामाची मात्र लाज वाटते.

परवा मी आरशासमोर मान खाली घालून बसले. बाई दारात गेल्या आणि बाकावरच्या गुडघेदुखीवाल्यांवर ओरडल्या, "रिकामं काय बसलायसा, पावणं? आ करा सगळ्यांनी!"

मलकापूरच्या एका आजोबांनी इतका मोठा आ केला, की त्यांची कवळीच मांडीवर पडली. मला हसू आवरेना. ओठांचे कोपरे ताणून दुखायला लागले.

बाईंनी गरम हातानं माझी हनुवटी वर उचलली.

"हां, एवढंच पायजे हुतं. आता धरून ठेवा."