गुलामच्या पुढे काय?

आमच्या शेजारच्या चाचांना ज्याचं नाव ठाऊक नाही, असा माणूस दुबईतल्या आमच्या अख्ख्या अल बर्शात शोधून सापडायचा नाही. चाचा मूळचे मुरूडकडचे, इथे एका गोदामात तीस वर्षं सुपरवायझर. लिफ्टमध्ये शिरले की ते आधी समोरच्याचं नाव विचारतात, आणि तेही अर्धंमुर्धं चालत नाही. बापाचं, गावाचं, सगळं हवं. एकदा आमचं जेवण घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातच गाठून आजोबांच्या नावापर्यंत नेलं. तोवर बिर्याणी गार! बायको वैतागली, "चाचा, खलास करा आता! त्याला पुढची डिलिव्हरी असेल."

"खाना फिर गरम होता है," चाचा म्हणाले. "माणूस परत येत नाही."

पत्त्यांतही हाच हट्ट. खेळायचं तर तीनशेचार, कारण त्यात गुलाम सगळ्यांत मोठा. माझ्या राजावर गुलाम आपटताना चाचा चक्क उठून उभे राहतात. मी हा पोरकटपणा समजत होतो.

यंदा आमच्या आफ्रिकी वॉचमनने त्यांना एक पत्रक आणून दिलं. त्याच्या देशाच्या वकिलातीतर्फे गुलामगिरीचा स्मरणदिन जाहीरपणे पाळणार होते. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आपल्या पूर्वजाचं नाव घ्यायचं आणि दिवा लावायचा. चाचा तडक माझ्याकडे आले. "ऑनलाइन फॉर्म आहे, भर."

चाचा सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाचे, एवढं मला माहीत होतं. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांना लहानपणीच पकडून, गलबतात घालून, याच आखातातून कोकणात नेऊन विकलं होतं, हे त्या दिवशी कळलं.

"नाव सांगा."

"गुलाम."

"गुलामच्या पुढे काय?" मी टाइप करता करता विचारलं. "गुलाम हुसेन? गुलाम रसूल?"

"पुढे काही नाही. हाक मारायचे तेवढीच."

राजावर आपटलेला तो पत्त्यांतला गुलाम आठवला. मला स्वतःची लाज वाटली. "तो शब्द खोड," चाचा हळूच म्हणाले. "पण नावच नाही तर दिवा कुणाचा लावू?" नाव न घेता दिवा लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. रकाना मी रिकामाच पाठवला.

कार्यक्रमात त्यांची पाळी आली. माइकपुढे उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं. आणि थांबले. सगळा हॉल वाट बघत होता.

"उनके अब्बा," चाचा म्हणाले. "नाम मालूम नहीं. वो जिंदा रहे, इसलिए मैं हूँ. शुक्रिया." आणि त्यांनी दिवा लावला.

परतताना गाडी मी चालवत होतो. मी वसईचा. दुबईत नवा होतो तेव्हा कंपनीत मला सगळे "ए मुंबई" म्हणायचे. महिनाभराने लिफ्टमध्ये या माणसाने माझं पूर्ण नाव विचारलं, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलो. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते. पार्किंगच्या गेटपाशी मी धीर करून "चाचा," म्हटलं, तर ते खिडकीतून डोकं काढून गेटवरच्या नव्या माणसाला नाव विचारत होते. मागे हॉर्न वाजायला लागले. तो आजोबांच्या नावापर्यंत पोचेस्तोवर मी गाडी हलवली नाही.