दादाची गाडी थांबत नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं जात नाहीय. तरी सांगते.

गोष्ट दोन गाड्यांची आहे – निदान सुरुवातीला तरी.

माझं माहेर डिचोलीचं, सासर पेडण्यात हळर्णला. माझे यजमान वासुदेव – मी त्यांना 'हे'च म्हणते – बरीच वर्षं मस्कतला होते. तिथे एका बांधकाम कंपनीची जपानी पिकअप चालवायचे, वाळूतून, उन्हातून. कायमचे घरी आले तेव्हा नारळ आणि केळी म्हापशाच्या बाजारात न्यायला त्यांनी गाडी घेतली तीही जपानीच. दुसरी कुठली बघायलाही गेले नाहीत.

आणि माझा थोरला भाऊ रत्नाकर, आमचा दादा. डिचोलीच्या एका खाणीवर मेकॅनिक होता. खाणीवरच्या साहेबांसाठी कधीकाळी आणलेली एक अमेरिकन पिकअप तिथे होती, आणि ती दादाशिवाय कुणाचं ऐकत नसे. खाण बंद पडली, दादाची नोकरी गेली, तेव्हा भंगारात निघालेली ती गाडी तो घरी घेऊन आला. वहिनी त्याआधीच गेली होती. मूलबाळ नाही. सकाळी उठून तो गाडी धुवायचा, पुसायचा, बॉनेट उघडून आत बघत उभा राहायचा. कुठे जायचं नसलं तरी.

गणपतीत, चवथीला आम्ही सगळे डिचोलीच्या घरी जमतो. आरती झाली, जेवणं झाली की या दोघांचं सुरू व्हायचं. यांचं म्हणणं एकच – सकाळी किल्ली फिरवली की सुरू होते ती गाडी, बाकी सगळी शोभा. दादा म्हणायचा, "तुमची ती गाडी न्हय भावोजी, शिवणाची मशीन ती." मग चिखलात रुतलेला खनिजाचा भरलेला ट्रक आपल्या गाडीने कसा ओढून काढला ते सांगायचा. हे शांतपणे विचारायचे, "आणि त्यानंतर ती गॅरेजात किती दिवस होती?" सगळं घर हसायचं. दादाही हसायचा. पोरं दोन बाजूंना वाटली जायची, आणि माझ्या सासूबाई – त्याही चवथीला आमच्याबरोबर येत – दोघांनाही म्हणायच्या, "आता चाय घेवा नि गप रवा."

खरं सांगू? यांच्या गाडीबद्दल सांगण्यासारखं कधी काही घडायचंच नाही. ती जायची आणि यायची. पत्रा पातळ, आवाज बारीक, सीटवर जरा वेळ बसलं की कंबर धरायची. पण वेळ आली की सर्व्हिसिंगला जायची, सुटा भाग म्हापशात मिळायचा, आणि पावसाळ्यातसुद्धा तिने आम्हाला कधी रस्त्यात सोडलं नाही. दादाच्या गाडीत बसलं की ओसरीवरच्या बाणकावर, रुंद लाकडी बाकावर बसल्यासारखं वाटायचं. तिचा आवाज पोटात जाणवायचा. रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पण तिचे भाग कुठेच मिळत नसत. दादा कुठल्या ट्रकची नळी, कुठल्या जीपचा पंप आणून बसवायचा, आणि तेवढ्यावर ती चालायची – त्याच्या मायेवर, असंच मला वाटायचं. म्हणजे कुठली गाडी भरवशाची, हे मला माहीत होतं. अगदी आधीपासून माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

एका वर्षी यांनीच गमतीत पैज लावली. चवथीसाठी बेळगावहून कांदे-बटाटे, गूळ वगैरे आणायचं होतं. हे म्हणाले, "दादा, तुमची गाडी चोर्ला घाट न थांबता चढून, माल भरून परत इली, तर मी सगळ्यांसमोर ती धुतंय. आणि आयुष्यात परत तिका नावां ठेवचंय नाय." साक्षीला कोण? मी. दोघांचाही माझ्यावर विश्वास. बायकोवर एकाचा, बहिणीवर दुसऱ्याचा.

गेलो. साखळी, केरी, तिथपर्यंत दादा गाणी म्हणत होता. घाट लागला आणि इंजिन तापल्याचा काटा वर जायला लागला. पहिल्यांदा थांबलो तेव्हा दादा म्हणाला, जरा थंड होऊ दे. दुसऱ्यांदा त्याने उतरून बाटलीतलं पाणी ओतलं. तिसऱ्यांदा गाडी आपणच थांबली. वाफेचा ढग. बेळगावला रिकामा परत जाणारा एक भाजीचा ट्रक थांबला, दोर बांधला आणि आम्हाला वरपर्यंत ओढून घेऊन गेला. दादा स्टिअरिंग धरून बसला होता. त्याच्याकडे न बघता मी बाहेर बघत राहिले. माझा दादा – ज्याच्याकडे अख्ख्या खाणीवरचे ड्रायव्हर आपली गाडी घेऊन यायचे – तो दोराला बांधलेल्या गाडीत बसला होता.

परतताना घर जवळ आल्यावर तो म्हणाला, "तुका सांगूचा तां सांग, बाय." बस. खोटं बोल असं तो म्हणाला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुम्ही मनात त्याला दोष द्याल.

अंगणात सगळे उभे होते. यांनी विचारलं, "काय गो? थांबली?"

मी म्हटलं, "एकदाय नाय."

यांनी हात जोडले, लुंगी वर खोचली, आणि खरोखरच गाडी धुतली. चाकांच्या आतून-बाहेरून, घासून, शिट्ट्या वाजवत. पोरं पाणी उडवत होती, सासूबाई हसत होत्या. दादा विहिरीवर जाऊन बादल्या भरून आणत होता. त्या दिवशी तो चार घास जास्त जेवला. आणि हे? हरलेल्या माणसाला एवढं खूश असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं – यांनाही दादा जिंकायलाच हवा होता.

मग तुम्ही म्हणाल, एवढंच? भावासाठी बोललेलं एवढंसं खोटं? एवढ्यासाठी कोण इतकं मनात धरून बसतं? पुष्कळ दिवस मीही तसंच म्हणत होते. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासूबाई वास्कोला माझ्या नणंदेकडे, शैलाकडे राहायला गेल्या होत्या. दादा आपली गाडी घेऊन आमच्याकडे आला होता, काजूच्या कामाला हातभार लावायला. एका सकाळी तो बसने सावंतवाडीला गेला – गाडीची कसलीशी नळी तिथल्या एका जुन्या गॅरेजात मिळेल असं कुणी सांगितलं होतं. जाताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला हळूच म्हणाला, "गाडी कोणाक भायर काढूक देव नको, बाय. पाणी गळता." हळूच, कारण हे ओटीवर बसले होते. पैज जिंकलेल्या गाडीचं पाणी गळतं हे यांना कळू नये म्हणून. मी मान हलवली.

यांची गाडी त्या दिवशी सर्व्हिसिंगला म्हापशात होती.

दुपारी आम्ही जेवत असताना शैलाचा फोन आला. आईला धाप लागलीय, इस्पितळात आणलंय, डॉक्टर म्हणतात जवळच्या माणसांना बोलवून घ्या. हे ताटावरून उठले. हात धुतला की नाही आठवत नाही. आमच्या शेजारचा शाणू टॅक्सी चालवतो. त्याची गाडी दारात उभी होती, तोही घरात जेवत होता. आमच्या जनेलातून मला दिसत होता. हाक मारायची खोटी होती.

हे शर्ट घालत म्हणाले, "शाणूक हाक मारू, काय दादाची घेव?"

मला विचारलं. दुसरं होतं कोण विचारायला?

मी शाणूचं नाव घेतलं असतं तर हे म्हणाले असते – का गो, दादाची दारातच आहे की. मग पाणी गळतं हे सांगावं लागलं असतं. मग हळूहळू घाट, दोर, ट्रक, सगळं. यातलं काहीच झालं नसतं कदाचित. आई अत्यवस्थ असताना कोण असल्या चौकशा करतो? पण माझ्या मनात त्या क्षणी हेच आलं. माणूस मरायला टेकलं होतं आणि मी माझं अंगणातलं खोटं सांभाळत होते.

मी म्हटलं, "दादाची घेवा. ती थांबाची नाय."

पाणी भरून घ्या, एवढंसुद्धा म्हटलं नाही.

कोलवाळचा पूल ओलांडला, म्हापसा मागे टाकलं. पर्वरीला रस्त्याचं काम चाललेलं, गाड्यांची रांग. काटा वर सरकायला लागला. हे समोर बघत होते, मी काट्याकडे. तेव्हा तरी बोलायचं होतं. बाजूला घ्या, पाणी घाला, नाहीतर उतरून दुसरी गाडी करू – पर्वरीला काय टॅक्सी मिळाली नसती? मी पदर तोंडाशी धरून बसले. यांना वाटलं मी आईंसाठी रडतेय. यांनी एक हात सोडून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

झुआरीचा पूल ओलांडला तेव्हा वाटलं, पोचलो. कुठ्ठाळीच्या चढणीवर गाडी थांबली. आधी आवाज बदलला, मग वाफ, मग काहीच नाही. हे खाली उतरले, बॉनेट उघडलं, हात भाजून घेतला. प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत भर उन्हात रस्त्याच्या मध्यापर्यंत जात होते. बऱ्याच वेळाने मासळीचा एक टेम्पो थांबला. आम्ही त्यात पुढे दाटीवाटीने बसलो. ड्रायव्हर चांगला होता बिचारा, वाटेत कुठेच थांबला नाही.

सासूबाई गेल्या होत्या. नुकत्याच. हात अजून गार पडले नव्हते.

हे त्यांच्या पायांशी बसून राहिले. कुणावर रागावले नाहीत. दिवसकार्याला दादा आला तेव्हा तो ओसरीच्या पायरीवरच उभा राहिला, वर येईना. हे उठून खाली गेले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "गाडी म्हटली काय थांबता कधीतरी, दादा. तुमी मनाक लावन घेव नकात. चोर्ला घाट एका दमात चढलेली गाडी ती. त्याच दिवशी थांबली, म्हणजे आमची भेट नशिबात नव्हती."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं मांडायला आत गेले.

संध्याकाळी विहिरीपाशी आम्ही दोघंच होतो. त्याने विचारलं, "तुका सांगलेलंय मा गो मी?" मी मान हलवली – तशीच, त्या सकाळी हलवली होती तशी. त्याने बादली उचलली आणि तो घराकडे वळला. त्याला बोलता आलं असतं. पाणी गळतं हे मी बायला सांगून गेलो होतो, एवढं यांना सांगून मोकळा झाला असता. नाही सांगितलं. यांच्या आईला आपली गाडी आडवी आली, हे ओझं त्याने एकट्याने घेतलं. महिन्याभरात ती गाडी त्याने तोडायला देऊन टाकली. ती नेली तेव्हा तो बाहेरसुद्धा आला नाही.

आता दादा आमच्याकडेच असतो. यांनीच आणला, एकटं राहू दिलं नाही. सकाळी दोघे जपानी गाडीतून बाजारात जातात, येताना पोदेराकडचे पाव आणतात. दादा अजून त्या गाडीला शिवणाची मशीन म्हणतो, पण आता जरा प्रेमाने. आणि हे मात्र अमेरिकन गाडीला अजून नाव ठेवत नाहीत. कुणी विषय काढलाच तर म्हणतात, आमच्या दादाची होती ना एक, घाटात एकदाही थांबली नाही. त्या वेळी दादा काहीतरी शोधायला उठून जातो. मी बसून असते.

यांनी स्वतःची समजूत घातली आहे ती माझ्या खोट्यावर. गाडी चांगलीच होती, नशीब वाईट होतं. हे काढून घेतलं तर काय उरेल यांच्याजवळ? – असं मी स्वतःला विचारते, आणि मग मलाच कळतं, हा प्रश्नसुद्धा मला सोयीचा आहे.

शैलाने मला एकटीला एक गोष्ट सांगितली होती, तेवढी सांगून थांबते. यांना ती तिने सांगितली नाही, त्यांना सोसणार नाही म्हणून. शेवटी शेवटी सासूबाईंना नीट बोलता येत नव्हतं, पण दार वाजलं की त्या डोळे उघडायच्या आणि विचारायच्या, "वासू इलो?" शैला म्हणायची, येतोय गो, वाटेत आहे. त्या डोळे मिटायच्या. पुन्हा दार वाजलं की पुन्हा विचारायच्या.

वासू वाटेतच होता. कुठ्ठाळीच्या चढणीवर, भर उन्हात, हात भाजलेला. त्याला तिथे मी उभं केलं होतं.