आईच्या पोटावरचा डाग

मंगळवारी सांगलीत मुलगा आणि मी नातीला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. पोटदुखीनं पोरगी महिनाभर हैराण... आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. तर माझा मुलगा चक्क हसून म्हणाला, "म्हणजे काहीच नाही, नुसतं टेन्शन!" नव्वदी ओलांडली तरी माझं डोकं असं सणकलं की विचारू नका.

कारण हे मी आधीही ऐकलंय... उंब्रजजवळच्या आमच्या गावात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. माझे वडील पलटणीत होते, लढाईवर गेलेले. मी चौथीत होते.

वडिलांचं कार्ड आलं की ते आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या हातात जायचं. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी वाचायचं आणि मग आबांनी आईला सांगायचं. मला वाचता यायचं, पण पोरीला कोण विचारतो? आणि सुनेनं तर सासऱ्याला "पत्र आलं का" असं विचारायचंसुद्धा नाही!

त्या वर्षी दोन महिने कार्डच आलं नाही. अशात पलीकडच्या घरी मुलगा गेल्याची तार आली... आणि त्या दिवसापासून आईचं पोट दुखायला लागलं. घोटभर पेज प्यायली तरी कळवळायची. लुगड्याची गाठसुद्धा पोटाला सहन व्हायची नाही.

आबा म्हणाले, "सोंग हाय सगळं. कामाचा कटाळा, दुसरं काय न्हाई."

ओवा झाला, हिंग झाला. शेवटी आबांनी गावातल्या डाग देणाऱ्या म्हातारीला बोलावलं. चुलीत विळा लाल केला. मला बाहेर काढलं होतं, पण आईचं ओरडणं अंगणात ऐकू आलं... मी कान दाबून बसले होते.

त्याच दुपारी आबांचा कोट उन्हात टाकायला म्हणून खुंटीवरून काढला, तर खिशात वडिलांचं कार्ड! चार दिवसांपूर्वी आलेलं, हे नंतर कळलं. गुरुजी साताऱ्याला गेले होते, ते आले की वाचू म्हणून आबांनी ते तसंच ठेवलं होतं... चार दिवस कार्ड घरात, आणि माझ्या आईच्या पोटावर तापलेला विळा!

मी तडक आत जाऊन वाचलं. 'मी खुशाल आहे. काळजी करू नये.' आई म्हणाली, "परत वाच गं." तीनदा वाचलं. मग ती पोटभर रडली, आणि मी कार्ड गुपचूप परत आबांच्या कोटाच्या खिशात ठेवून आले.

संध्याकाळी तिनं चतकोर भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दुखणं लगेच गेलं नाही, पण आठ-दहा दिवसांत ती लुगडं नीट कसून शेतात जायला लागली.

आणि आबा? "बगा, डाग कसा लागू पडला!" गावभर सांगत सुटले. पुढं कुणाचंही पोट दुखलं की त्याला स्वतः त्या म्हातारीकडं धाडायचे. मार बसेल म्हणून आम्ही दोघी गप्प राहिलो... त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

तर मंगळवारी डॉक्टरीणबाई माझ्या मुलाला म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण दुखणं खरं आहे. मनात धास्ती असली की आतड्याच्या नसा हळव्या होतात. एरवी जाणवणारही नाही, त्याची कळ येते." मी उठून त्यांना हात जोडले. मुलगा मान खाली घालून बसला, बरं झालं.

आई म्हातारपणी आजारी असताना मी तिला आंघोळ घालायचे. एकदा त्या डागावर माझा हात थांबला, तशी ती म्हणाली, "लय दुखत हुतं गं तवा... सोंग न्हवतं." एवढ्या वर्षांनंतरही ती मला पटवून देत होती. मला, जिनं तिला कार्ड वाचून दाखवलं होतं!

डॉक्टरीणबाई, तुमचे आभार. फक्त ते 'दुखणं खरं आहे' माझ्या आईला कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं...