शेण मागायला निघालेली कंपनी

बियाण्यांच्या कंपनीत माझं काम अगदी शांत. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची आणि काही दिवसांनी किती दाणे उगवले ते बघायचं. दाणे भांडत नाहीत, चुगल्या करत नाहीत आणि मुख्य म्हणजे मिटिंग घेत नाहीत. बदनापूरहून सकाळी स्कूटी काढायची, सळयांचे ट्रक चुकवत जालन्याची एमआयडीसी गाठायची आणि प्रयोगशाळेचं दार लावून घ्यायचं. संध्याकाळपर्यंत कुणाचा त्रास नाही. हे असं बरं चाललेलं असताना मी एका मिटिंगमध्ये तोंड उघडलं.

मिटिंग एचआरच्या मॅडमनी बोलावली होती. मॅडम पुण्याहून नव्या आल्या होत्या, वयानं माझ्याहून लहान, उत्साहानं दुप्पट. त्यांनी सांगितलं, कंपनी दरवर्षी झाडं लावते, ते चांगलंच आहे. (कंपनी दरवर्षी गेटजवळच्या त्याच खड्ड्यांमध्ये झाडं लावायची. माळी तर ते खड्डे बुजवतही नसे, पुढच्या वर्षी परत उकरायला नकोत म्हणून.) पण यंदा एखाद्या गावासाठी हरित ऊर्जेचं काही करू, आणि त्यात कर्मचाऱ्यांनी स्वतः उतरायचं, मनापासून.

अकाउंट्सचे भाईजान खाकरले. ते मूळचे जालन्याचेच. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, खिशात अत्तराचा फाया. सगळी कंपनी त्यांना भाईजानच म्हणते, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा.

"मॅडम, पगारातून थोडं थोडं कापून घ्या. बात खतम."

"पैसे नकोत भाईजान, वेळ हवाय."

यावर जी शांतता पसरली ती मला सहन झाली नाही, एवढीच माझी चूक. मी म्हणाले, "माझं माहेर केदारखेड्याच्या पलीकडं आहे. तिथल्या शाळेत सिलिंडर संपला की खिचडी चुलीवर शिजते आणि सगळा धूर चौथीच्या वर्गात जातो. आम्ही लहान असताना गावात एकाकडं गोबर गॅस होता. निळा जाळ, धूर अजिबात नाही."

मॅडमचे डोळे चमकले. मिटिंग संपली तेव्हा मी त्या उपक्रमाची प्रमुख झाले होते.

पुढं सगळं झपाट्यानं झालं. शाळेनं होकार दिला, ग्रामपंचायतीनं होकार दिला, संभाजीनगरच्या एका कारागिरानं शाळेमागं फुग्यासारखी हिरवी टाकी आणून बसवली, पाइप जोडला, शेगडी ठेवली. उद्घाटनाला शनिवार ठरला. हैदराबादहून मोठे साहेब दुपारी येणार होते. आम्हा सगळ्यांना पांढरे शुभ्र टी-शर्ट वाटले गेले, छातीवर 'हरित ऊर्जा, हसरं गाव'. सकाळी कंपनीची बस भरून आम्ही माझ्या माहेरी उतरलो. गावात माझं स्वागत जोरात झालं. वडील पारावर बसले होते. त्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलेलं मी बसमधूनच पाहिलं.

मॅडम थेट टाकीपाशी गेल्या. "चला, सुरू करून दाखवा."

कारागीर तंबाखू मळत होता. "माझं काम झालं, मॅडम. आता पहिली भरती तुम्हाला करावी लागंल."

"भरती तर माझंच खातं आहे," मॅडम हसत म्हणाल्या. "कुणाची करायची?"

"शेणाची."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी भाईजानकडे पाहिलं. भाईजाननी आपल्या बुटांकडे पाहिलं.

"किती लागतं?" मॅडमनी विचारलं.

कारागिरानं टाकीच्या गळ्यावर आडवा हात धरला. "हितपर्यंत. आन् तेवढंच पाणी. शेण ताजं पाहिजे बरं का, वाळलेलं चालत न्हाई."

शाळेत एकही जनावर नसतं ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. मीही त्या सगळ्यांतलीच, आणि मी तर तिथंच शिकलेली. दान द्यायला गेलेली आमची कंपनी सकाळी सकाळी शेण मागायला निघाली.

आमच्या घरी काही मिळण्यासारखं नव्हतं, वडिलांनी ट्रॅक्टर घेतल्यावर बैल विकून टाकले होते. गावात निम्म्या घरांची हीच तऱ्हा. सगळ्यात जवळ म्हशी होत्या त्या शाळेशेजारच्या काकूंकडं. आम्ही गेलो तेव्हा त्या भिंतीवर गोवऱ्या थापत होत्या.

"काय गं माय, कधी आल्तीस?"

मी इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. "काकू, थोडं शेण पाहिजे होतं. शाळेच्या गॅसला."

"मंग माझ्या गोवऱ्याचं काय?"

मॅडम पुढं झाल्या. "काकू, हे गावासाठी दान आहे."

काकूंनी हातातला गोळा भिंतीवर फट्‌दिशी मारला. "दान तुम्ही करून राह्यल्या का मी?"

मॅडमनी त्या प्रकल्पावर एवढी मोठी स्लाइड बनवली होती, पण या प्रश्नाचं उत्तर तीत नव्हतं. काकूंनाच दया आली असावी. त्यांनी हात धुतले, कमरेला एक हात लावला आणि म्हणाल्या, "सून माहेरी गेल्ती, अजून यायची हाय. माझी कंबर धरली. असं करा, गोठा साफ करून द्या. निघंल तेवढं तुमचं."

व्यवहार बरोबर होता. आम्ही घमेली मागून घेतली.

भाईजान गोठ्याच्या दारात थांबले. "ताई, मी घरी सांगून आल्तो की झाडं लावायला जातो."

"झाडंच समजा."

त्यांनी बूट काढून बाहेर ठेवले, मोजे त्यात कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत पाऊल टाकलं. म्हशीनं मान वळवून त्यांना नीट पाहून घेतलं, मग शेपटीनं असा फटका दिला की 'हसरं गाव'मधलं गाव पुसलं गेलं. "इसको बोलो हटने को," ते मला म्हणाले. मी म्हशीला सांगितलं. ती माझ्याच माहेरची, पण तिनं ऐकलं नाही.

खरी कमाल मॅडमनी केली. सुरुवातीला त्या दोन बोटांनी घमेल्याचा काठ धरून उभ्या होत्या, श्वास रोखून. तेवढ्यात शेजारच्या म्हशीनं शेपूट वर केली. मॅडमना काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी झेप घेतली आणि घमेलं बरोबर खाली धरलं. घमेलं भरलं तशा त्या ओरडल्या, "ताजं! एकदम ताजं!" नोकरीच्या मुलाखतीत चांगला उमेदवार मिळाल्यावरही त्यांचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता.

आम्ही शेण शाळेत नेऊन ओतलं. टाकीचा तळ जेमतेम ओला झाला. पण तोवर गावात बातमी फिरली होती आणि फिरता फिरता थोडी बदलली होती. कंपनीनं स्कीम आणली आहे, गोठा फुकटात साफ करून मिळतो. दारादारातून हाका सुरू झाल्या.

"ओ मॅडम, आमच्याकडं कधी येता?"

"आमच्याकडं दोन दिवसांचं साचलंय, आधी हिकडं या!"

एका गड्यानं तर आपली म्हैसच आणून शाळेच्या फाटकाला बांधली. म्हणे, तुम्हाला वाहायचा तरास कशाला. थोड्या वेळापूर्वी शेणासाठी आम्ही विनवण्या करत होतो, आता लोकच आम्हाला नंबर लावून बोलवत होते. मार्केटिंगवाल्यांनी पूर्वेकडची गल्ली घेतली, प्लांटवाल्यांनी पश्चिमेची. आमच्या कंपनीत या दोन खात्यांचं वर्षानुवर्षं पटत नाही. त्या दिवशी कुणाची घमेली जास्त यावरून त्यांच्यात शर्यत लागली आणि ती हिरिरीनं खेळली गेली.

मी डोक्यावर घमेलं घेऊन पारासमोरून चालले होते. वडिलांनी मला लहानपणी अभ्यासाला बसवताना एकच धाक घातला होता, शिकली न्हाईस तर जन्मभर शेणं उचलशील. त्या धाकानं मी शेतकीची पदवी घेतली, वर आणखी एक घेतली. आता मी त्यांच्याच समोर होते आणि घमेल्यातून एक ओघळ कानामागून खाली येत होता.

पारावरच्या एकानं विचारलं, "तुमचीच ना ही पोरगी? हापिसर?"

"हां," वडील म्हणाले. आणि वर म्हणाले, "मोठ्या कंपनीत असतंय तसं. नियम हाय त्यांचा."

मग उठून माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हेच करायचं होतं तर जालन्याला कशाला गेल्तीस?"

मला असं हसू फुटलं की घमेलं हिंदकळलं आणि त्यांच्या धोतरावर शिंतोडे उडाले. त्यांनी धोतराकडं पाहिलं. आता घरी जाऊन बदलण्यात अर्थ नव्हता, म्हणून तेही आले. दुपारपर्यंत हापशावरून बादल्या भरून देत होते आणि प्रत्येक बादलीला कुरकुरत होते.

मोठे साहेब आले तेव्हा टाकी गळ्याच्या जरा खालीच होती, पण भरल्यासारखी दिसत होती. आम्ही ओळीत उभे राहिलो. आमचा वास आमच्या नाकांना एव्हाना येईनासा झाला होता. साहेब गाडीतून उतरले, दोन पावलं पुढं आले, एक मागं गेले. मग आमच्या टी-शर्टांकडं निरखून पाहत म्हणाले, "ही हिरवी डिझाइन छान आहे. नैसर्गिक वाटते."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. त्यापेक्षा खरं उत्तर दुसरं नव्हतं.

फीत कापली. साहेबांनी शेगडीचं बटण फिरवलं, लायटर टकटक केला. काही नाही. पुन्हा टकटक. कारागीर मागून म्हणाला, "साहेब, गॅस धरायला पंधरा-वीस दिवस तरी लागतील. आज कसा पेटंल?"

हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आम्ही तेव्हा गोठ्यात होतो.

साहेब लायटर हातात धरून उभे. "मग मी आज उद्घाटन कशाचं केलं?"

"शेणाचं," गर्दीतून काकूंचा आवाज आला.

मग साहेबच हसायला लागले, पोट धरून. ते हसले म्हणून मॅनेजर हसले, मॅनेजर हसले म्हणून आम्ही. हसूसुद्धा हुद्द्यानुसार खाली येत गेलं. फोटोत सगळे इतके मनापासून हसताना दिसतात की बघणाऱ्याला वाटावं, शेगडी पेटलेलीच आहे.

परतताना ड्रायव्हरनं बसच्या सीटांवर पोती अंथरली. बदनापूरला सासूबाईंनी मला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. अंगणात उभं करून बादलीभर पाणी आणलं आणि विचारलं, "ही कोणती मिटिंग म्हणायची?"

त्या शनिवारनंतर उपक्रम संपला असंच आम्हाला वाटलं होतं. पण टाकीला रोज थोडं थोडं खाऊ घालावं लागतं. गावानं आपसात वार वाटून घेतले. काकूंनी मात्र अट घातली की त्या त्यांच्या वाराला शेण देतील, पण शनिवारी कंपनीतलं कुणीतरी गोठ्याला यायला पाहिजे. मॅडमनी पाळ्या लावल्या. लोकांनी आजारी पडायला, लग्नाला जायला सुरुवात केली. एकट्या भाईजाननी कधी सबब सांगितली नाही. ते आता गमबूट घेऊन जातात. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "ताई, दफ्तरात दिवसभर जे काम उरकतो ते दुसऱ्या दिवशी परत तिथंच असतं. इथं निदान गोठा साफ दिसतो."

मॅडमही दोन-तीनदा आल्या. काकू त्यांना चहा देतात आणि लग्नाचं विचारतात, म्हणून नंतर जरा कमी येतात.

गॅस धरायला सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. मध्ये थंडी पडली, टाकी फुगेचना. कारागिराला फोन केला की तो म्हणायचा, "धीर धरा." आम्ही आणलेलं दान हे शाळेमागं पडलेलं एक हिरवं पोतं आहे, असं गाव धरून चालायला लागलं होतं. आणि एका सकाळी खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा फोन आला. "पेटला बया! निळा निळा पेटला!" मी प्रयोगशाळेत होते. कागदाच्या गुंडाळ्या तशाच टाकून बाहेर पळाले आणि अकाउंट्समध्ये जाऊन ओरडले. भाईजाननी चक्क बेरीज अर्धी सोडली.

पुढच्या शनिवारी आम्ही शाळेत गेलो. जाळ छोटा होता, पण होता. ताईंनी आधीच सांगून टाकलं की याच्यावर डाळ आणि फोडणी होते, तांदळाचं मोठं पातेलं अजून सिलिंडरवरच चढवावं लागतं. चूल मात्र पूर्ण बंद झाली होती. चौथीच्या वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आत कुणी खोकत नव्हतं.

पोरं ओळीनं जेवायला बसली. आम्हालाही ताटल्या मिळाल्या. एका मुलीनं पहिला घास घेतला, थोडा चघळला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" मॅडमनी काळजीनं विचारलं.

"चुलीवरची चांगली लागत होती," ती म्हणाली. "हिला धुराचा वास न्हाई."

ताईंचा चेहरा पडला. मॅडम तिला धूर फुप्फुसांना कसा वाईट असतो ते समजावू लागल्या. मुलगी ऐकत होती आणि ताटातली खिचडी बोटानं इकडून तिकडं ढकलत होती. मी माझा घास खाल्ला. खरं सांगायचं तर पोरगी चुकीचं बोलत नव्हती. भाईजाननी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. ताई आमच्याकडं बघतायत हे दिसल्यावर भाईजाननी ताटली पुढं केली आणि म्हणाले, "और थोडी दो. बहोत बढिया झाली."

त्यांना वाढल्यावर ताईंनी मलाही वाढली. तीही मी संपवली.