आत्या मागून बघते

आमची आत्या नव्या वासराच्या कानात मंत्र पुटपुटते आणि म्हणून तिच्या हातचं वासरू दगावत नाही, असं डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायका एकमेकींना सांगतात. सांगताना आवाज असा खाली आणतात, जणू आत्या कॅनमागेच दबा धरून बसली आहे. मंत्रबिंत्र काही नाही. ती शिव्या देते. त्याही वासराला नव्हे, तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना.

आणि बाबा त्या शिव्या कमावतात. 'सायंटिफिकली सांगायचं तर' असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नाही. मागच्या वर्षी तांबड्या गाईचं वासरू तिसऱ्या दिवशी गेलं, तेव्हा 'सायंटिफिकली सांगायचं तर थंडी' म्हणून मोकळे झाले. आत्या तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. घरी आल्यावर ती आठवडाभर भावाशी बोलली नाही.

यंदा तीच गाय सकाळी सातला व्याली. दहा वाजता बाबा गोठ्याच्या दारात मोबाईल धरून उभे. वासरू कासेखाली, शेपूट गरागरा, तोंडाचा चपचप आवाज थेट अंगणापर्यंत.

"बघा, कसं ओढतंय! पोटभर चीक गेला पोटात. नातेवाइकांना व्हिडिओ पाठवतो."

आत्या दाराआडून आली. तिची चाल म्हणजे कपाट सरकवल्यासारखी, आधी एक कोपरा, मग दुसरा. सगळं जग वासराचं तोंड बघतं. ही बाई गाईच्या मागे जाऊन पालथ्या बादलीवर बसते आणि कासेकडे बघत राहते. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखा एक डोळा बारीक. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

"मी म्हणते, हे उपाशी आहे," ती म्हणाली.

"अगं, आवाज तरी ऐक!" बाबा.

"आवाजानं पोट भरलं असतं, तर तू उभ्या जन्मात जेवला नसतास."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, पैज. ते प्यायलंय. हरले तर माझा मोबाईल आठ दिवस तुझा. जिंकले तर महिनाभर शेण तू काढायचंस."

"हं," आत्या म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये किमान तीन अपमान असतात.

तिने वासराच्या तोंडात बोट घातलं. "गार." शेवटच्या बरगडीमागे हात दाबला. "खड्डा." मग मला मानगुटीला धरून खाली बसवलं. "आता सड बघ. प्यायलेला सड धुतल्यासारखा चकचकीत दिसतो. किती आहेत तसे?"

"एक. उजवा पुढचा."

"बाकीचे तीन?"

तिन्हींवर वाळलेला चिखल तसाच होता. कास दगडासारखी टम्म.

"आणि उजवा पुढचा कसा आहे, ते तुझ्या शास्त्रज्ञ बापाला विचार."

बाबांनी मोबाईल हळूच खिशात टाकला. दोन वर्षांपूर्वी दगडी, म्हणजे कास सुजून घट्ट होण्याचा रोग, होऊन तो सड कायमचा बंद पडला होता. धार काढताना रोज त्यालाच वगळून तीन सडांशी बसणारा माणूस, आणि व्हिडिओत मात्र त्याच सडाचं कौतुक! वासराला तो जवळ पडत होता, म्हणून ते तीन तास कोरडा सड ओढत राहिलं. शेपूट काय, आशेवरही हलते.

"मागच्या वर्षीचं पण..." बाबा पुटपुटले.

"हो. थंडीनं गेलं," आत्या म्हणाली. अगदी त्यांच्याच आवाजात. मला हेवा वाटला.

मग ती वासराच्या मानेला मिठी मारून सरकली, त्याचं तोंड डाव्या मागच्या सडाला लावलं आणि कानाशी सुरू झाली. त्यातला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. आधी नुसती ढुशी, मग आवाज बदलला. चपचप थांबली, घट्ट गुटुक गुटुक सुरू झालं. ओठांवर पिवळसर फेस आला. अर्ध्या तासानं वासरू लांब आळस देऊन आडवं झालं, आणि आत्याने माझ्यापुढे हात पसरला.

आज चौथा दिवस. मैत्रिणींचा फोन आला, की आत्या उचलते. "कोण? ती शेण काढतेय. मी म्हणते, काय काम होतं?"

मी हरले तर शेणही काढायचं, असं पैजेत नव्हतं. ते तिने आपलं आपणच वाढवून घेतलंय.