आत मिल, बाहेर मिनिट

तात्यांच्या रायफलीवरची दुर्बीण जुनी होती आणि तिला एक खोड होती. डोळा लावला की आत दिसणाऱ्या खुणा मिलच्या, आणि वरचं फिरवायचं चक्र मात्र मिनिटांचं. नव्या दुर्बिणीत दोन्ही एकाच मापात मिळतात. बदलून घेऊ म्हणून मी कितीदा मागे लागले, पण आमचे वडील म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. "गुणाकार येतोय तवर कशाला बदलायची?" म्हणायचे.

फौजेतून निवृत्त होऊन ते निरवांगीला डाळिंबाची बाग बघत होते. मी बारामतीला बँकेत. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पुण्याकडच्या रेंजवर जायचो. मी गोळी झाडायची, त्यांनी शेजारी पालथं पडून मोठ्या दुर्बिणीतून बघायचं आणि ती कुठं लागली ते सांगायचं. आई म्हणायची, घरी दोघांच्या तोंडाला कुलूप आणि तिथं गेलं की पोपट.

मिल म्हणजे काय ते त्यांनी मला बागेच्या बांधावर शिकवलं होतं. हात लांब करून अंगठा उभा धरायला लावला आणि एक डोळा मिटायला सांगितला. "जवळचा एक माणूस झाकतोय, लांबचं अख्खं घर झाकतंय. अंगठा तेवढाच हाय." मिल हे असलंच माप, फक्त फार बारीक. हजार मीटरवर एक मीटर, शंभरावर दहा सेंटिमीटर. मिनिट घड्याळातलं नव्हे, कोनाचं, अंशाचा साठावा भाग; ते मिलहून लहान. एका मिलात जवळजवळ साडेतीन मिनिटं बसतात. आमच्या चक्राचा एक क्लिक पाव मिनिटाचा. म्हणून गोळी एक मिल खाली लागली तर चौदा क्लिक वर जायचं. मिलचं चक्र असतं तर दहात भागलं असतं. हा हिशेब तात्यांच्या जिभेवर असायचा. मी बँकेतली असून मला बोटांवर मोजावं लागायचं.

त्या दिवशी माझी गोळी खाली गेली. तात्या म्हणाले, "एक मिल खाली. धा वर."

"चौदा ना, तात्या?"

"धा म्हणलं की धा."

मी हळूच चौदा फिरवले. पुढची गोळी मध्यावर बसली. "बघ," ते म्हणाले, आणि खूश झाले. येताना भिगवणला मासे खायला थांबलो. त्यांनी चवीनं रस्सा ओरपला. साठी ओलांडलेला माणूस एखादा आकडा विसरतो, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला बजावत राहिले.

आमच्या घरात एक रीत होती. रायफल दुसऱ्याच्या हातात देताना नळीमागचा बोल्ट उघडून आत गोळी नाही हे दाखवायचं आणि "रिकामी" म्हणायचं. घेणाऱ्यानंही बघायचं आणि "रिकामी" म्हणायचं. आईला नुसती कपाटात ठेवायला द्यायची असली तरी हे चुकायचं नाही. कधी कधी ती चेष्टेनं भाकरीची टोपलीही तशीच दाखवायची. एका दुपारी तात्यांनी रायफल पुसली, तिच्यापुढं धरली आणि "रिकामी" म्हणाले. आईनं बघितलं. आत गोळी होती.

तिनं गोळी काढून पदराला बांधली आणि मला फोन केला, "निघून ये." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हा वाढतच जाणार म्हणाले. ते आम्हा दोघींना आधीच कळलेलं होतं.

रायफल घरातून हलवायची कशी, यावर खोटं शोधलं ते आईनं. आमच्याकडं निवडणुकांना काय तोटा? सोसायटीचा गुलाल धुऊन होत नाही तोवर कारखान्याची लागते. आणि निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करण्यात तात्या गावात पहिले. "इलेक्शन लागलंय," आई म्हणाली. ते लगेच कपडे करून निघाले. ठाण्यात मी आधीच सांगून ठेवलं होतं; तात्यांनी बोल्ट उघडून हवालदाराला दाखवला, "रिकामी" म्हणाले, सही केली, पावती घडी करून खिशात ठेवली. मी शेजारी उभी होते आणि मला स्वतःची अतोनात लाज वाटत होती.

मग रोज विचारायचे, "झालं का इलेक्शन?" आम्ही म्हणायचो, अजून न्हाय.

आणि खरंच ग्रामपंचायत लागली. तात्यांनी मत दिलं. निकालाच्या दिवशी घरावरून हलगी वाजत गेली, गुलाल ओसरीपर्यंत उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट, काळे बूट, हातात पावती, असे ओसरीवर तयार बसलेले. "चल, आणू."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि ती आत निघून गेली. मी त्यांच्याजवळ बसले. आणखी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं.

"तात्या, रायफल आता घरी न्हाय आणायची."

"का?"

"तुमचं चुकाय लागलंय."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. माझ्याकडं वळले आणि कान देऊन म्हणाले, "किती?"

त्यांना आकडा हवा होता. मला रडू आवरेना.

"लय, तात्या."

त्यांनी जरा विचार केला. मग मान हलवली आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.