मातीच्या मासळीची राखण

साहेब दारात उभे राहिले नि पहिलीच्या वर्गात बघितलं. आत पाट्या होत्या, पिशव्या होत्या, कोणाची तरी टोपी होती. पोर एक पण नाय. गुरुजी फळ्यापाशी खडू धरून तसेच उभे.

"मुलं कुठं आहेत?" साहेब बोलले.

गुरुजींनी माझ्याकडं, शाळेच्या कामवालीकडं, बघितलं. मग मीच बोलली, "साहेब, होड्या आल्या."

"मग?"

आता मग काय सांगायचं? आमची वाडी नवापूरच्या बाजूला, दर्यावर. होडी किनाऱ्याला लागली की पोरं दोर ओढायला धावतात. दोर ओढला की मूठभर बारीक मासळी मिळते. रात्रीचं कालवण त्याच्यावरच. "अ अननसाचा" आमच्या पोरांनी कवा बघितला नव्हता. होडी मात्र पोरं रोज बघत होती.

हे साहेब म्हंजे तपासणीवाले. वर्षाला येऊन शाळा बघायची, पुस्तकात शेरा लिहायचा, म्हंजे बरं-वाईट काय ते. त्यांना आमी डिपोटी बोलायचो. ते बोलले, "मी शिमग्यानंतर परत येणार, न सांगता. तेव्हा पहिलीचा वर्ग असाच असला तर पहिली इथली बंद. मुलं खाडीपलीकडच्या शाळेत जातील."

खाडीला भरती असली की पाणी माझ्या छातीला. पहिलीच्या पोराच्या डोक्यावरून गेलं असतं. म्हंजे पोरं जाणारच नव्हती.

नि माझं काम पहिलीपुरतंच. घराघरातून पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, पाणी भरायचं, जमीन सारवायची. माझे मालक दर्यावर गेले ते आले नाय. मग डोक्यावर पाटी घेऊन मी बोईसरला मासळी विकली. एकदा पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा पायात घुसला, तवापासून पाय आखडलाच. ज्याचं दुखणं त्याला. पण शाळेतलं काम सुटलं असतं तर त्याच पायानं परत बोईसर होतं.

गुरुजी घाटावरचे, नवीन, माळकरी. मासळीचा वास आला की धोतराचा सोगा नाकाला. मन मात्र चांगलं. दोन दिवस जेवले नाय. मग बोलले, "काशीबाई, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, लहान मुलांना कृतीतून शिकवा."

"ते काय असतं?"

"हातानं काहीतरी करायचं, त्यातून डोक्यानं शिकायचं. उद्यापासून मातीकाम. खाडीची चिकण माती आणा."

मी दोन घमेली आणली. गुरुजींनी स्वतः एक आंबा केला नि पाटावर ठेवला. "बघा, असा आंबा करा. नाहीतर केळं करा."

आमची पारू पुढं आली. सहा वर्साची, पण तिची आई बाजारात भांडणात हरत नव्हती नि ही आईला हरवायची. तिनं आंबा उलटा-सुलटा केला. "गुरुजी, ह्याचं डोकं कुठं हाय?"

"आंब्याला डोकं नसतं बाळा."

"मग कापलेला हाय," ती बोलली नि बाजूला ठेवला.

तासाभरात पाटावर पापलेट होतं, बोंबील होता, कोलंबी होती, एकानं तर मुशी केली, वीतभर लांब. आंबा गुरुजींचा एकटाच. ते कपाळाला हात लावून बसले. बोलले, "असू दे. वाळायला ठेवा."

इथं त्यांची चूक झाली. म्हंजे चूकच, पण नशिबानं.

आमच्याकडं पोर चालायला लागलं की पहिलं काम हेच. हातात काठी द्यायची नि वाळत्या मासळीपाशी बसवायचं. कावळा हाकायचा, कुत्रा हाकायचा, ऊन डोक्यावर आलं की मासळी परतायची, म्हंजे खालची बाजू वर. राखण सोडून उठलं की आईची चापट. मोठ्या माणसानं पण उठायचं नाय, मग होडी येऊ दे नायतर पाहुणा.

पोरांनी शाळेमागच्या वाळूवर चटई टाकली, मातीची मासळी ओळीनं मांडली नि काठ्या घेऊन बसली. तेवढ्यात किनाऱ्यावर आरोळी झाली, "होड्या आल्या!" मी बघत राहिली. एक पोर हललं नाय. दोर ओढायला त्यांची मोठी भावंडं गेली.

गुरुजी बोलले, "काशीबाई, हे काय झालं?"

मी बोलली, "गुरुजी, गप बसा. रोज माती आणते."

मग गुरुजी पण चटईवर गेले. कोलंब्या मोजून अंक आले. पापलेटचा प, बोंबलाचा ब. वाळूतच काठीनं लिहायचं. गुरुजी कावळे हाकायला शिकले. मातीजवळ कावळा येत नव्हता, पण पोरं सांगायची नि ते हाकायचे.

शिमगा झाला नि साहेब आले. नेमक्या होड्या लागलेल्या, भर दुपार. त्यांनी वर्गात बघितलं. रिकामा. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

मी लंगडत त्यांच्या आडवी झाली. मी बोलली, "साहेब, शाळा मागं भरलीय. या ना."

मागं सगळी पहिली उकिडवी बसून मासळी परतत होती. गुरुजी काठी घेऊन "हाड्या, हाड्या" करत होते. साहेब बघता बघता पुढं सरकले, नि त्यांच्या बुटाखाली काहीतरी कचकन मोडलं.

"ए बाबा! पाय काढ!" पारू उठली. "माझा घोळ मासा तुडवलास! डोळं हायत का बटणं?"

गुरुजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी मुकाट बूट काढले. मग खाली बसून बोलले, "बाळ, हा तर मातीचा आहे. मग कावळा कशाला खाईल?"

"कावळ्याला कुठं म्हायतीय?"

साहेबांनी वर आभाळात कावळा हाय का बघितलं. त्यांनी दुसरं काढलं. "वर्गात का बसत नाही तुम्ही?"

"आत ऊन नाय," पारू बोलली. नि हातातली काठी तिनं त्यांना दिली. "बसलाच हायस तर इकडचे हाक. मना बोंबील मोजायचे हायत."

साहेबांनी काठी घेतली. पोरांनी मासळी मोजली, वाळूत अंक लिहिले, अक्षरं लिहिली. साहेब मान हलवत बघत होते, मधीच काठी हलवत होते. उठायला गेले तर पारू बोलली, "परतून झाल्याबिगर उठायचं नाय." उन्हात तसेच बसले. टक्कल लाल झालं.

जाताना त्यांनी शेरा लिहिला. गुरुजींनी मना वाचून दाखवला. पहिली इथंच राहील. खाली आणखी एक ओळ होती, "वर्ग खोलीतच भरवावा."

पहिली ओळ ऐकून मी देवाला हात जोडले. दुसरी ऐकून खाली घेतले. खोलीत ऊन नाय, ऊन नाय तर मासळी नाय, मासळी नाय तर पोरं नाय.

गुरुजी रात्रभर विचार करत असतील. सकाळी शिडी लावली. मी खालून धरली, ते रामनाम घेत वर चढले नि छपराची थोडी कौलं काढली. खोलीत चटईएवढं ऊन पडलं.

वर्ग खोलीतच भरला. फक्त ऊन सरकेल तशी चटई सरकायची नि चटईमागं पहिली. सकाळी फळ्यापाशी, दुपारी मधोमध, सुटायच्या टायमाला भिंतीला चिकटून. पावसाच्या आधी कौलं परत लावली, दिवाळीनंतर परत काढली.

मी त्या शाळेत म्हातारी झाली. एवढंच शिकली, की वरच्याचा हुकूम मोडायचा नाय. आपल्या छपराची कौलं तेवढी काढायची.